कादंबरीचा निवेदक रंगमंचावर कोठे जातो? : झोलाची ‘ला तेर’, आंत्वानची रंगभूमी आणि आपली पोथी

१.

कादंबरीच्या नाट्यरूपांतराचा विचार आपल्या विद्यापीठीय अभ्यासात बहुधा एकाच दिशेने होत आला आहे. मूळ कृती आणि रूपांतर यांतील साम्यस्थळे व भेदस्थळे नोंदवायची, कोणते प्रसंग गाळले आणि कोणती पात्रे वाढविली याची यादी करायची, आणि शेवटी रूपांतरकार मूळ कृतीशी कितपत ‘प्रामाणिक’ राहिला याविषयी निर्णय द्यायचा, अशी ही पद्धत आहे. एम. ए.च्या प्रश्नपत्रिकेपासून पीएच. डी.च्या प्रबंधापर्यंत तिचा प्रवास सुखेनैव चालू असतो. ही पद्धत अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. परंतु एक मूलभूत प्रश्न ती विचारीत नाही. कथानक, पात्रे आणि संवाद यांखेरीज कादंबरीत आणखी एक घटक असतो आणि पुष्कळदा तोच तिचा प्राण असतो. तो म्हणजे निवेदक. कादंबरी रंगमंचावर येते तेव्हा या निवेदकाचे काय होते? तो कोठे जातो? त्याचे काम कोणाकडे सोपविले जाते?

हा प्रश्न प्रस्तुत लेखात एका फ्रेंच कादंबरीच्या आणि तिच्या प्रयोगशील नाट्यरूपाच्या निमित्ताने उपस्थित करावयाचा आहे. ती कादंबरी म्हणजे एमिल झोलाची १८८७ साली प्रसिद्ध झालेली ‘ला तेर’, म्हणजे ‘भूमी’. आणि ते नाट्यरूप म्हणजे आंद्रे आंत्वान याने १९०२ साली पॅरिसमधील आपल्या रंगमंदिरात सादर केलेला तिचा प्रयोग.

जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी या दूरच्या प्रयोगाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. पहिला विषयाचा. ‘ला तेर’ ही शेतजमिनीच्या वाटणीची कादंबरी आहे. आणि सातबारा, बांध, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांना ‘शोकात्मिका’ या शब्दाच्या कितीतरी आधी कळलेले असतात. दुसरा संबंध नाट्यलेखनाचा. युवक महोत्सवांतून आणि एकांकिका स्पर्धांतून शेतकऱ्याचे मरण हा विषय वर्षानुवर्षे येत आहे. त्यांतील बहुतेक संहितांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात : एक सावकार आणि एक स्वगत. सावकार शेतकऱ्याला छळतो, आणि शेतकरी गळ्यात फास अडकविण्यापूर्वी प्रेक्षकांकडे तोंड करून दहा मिनिटे बोलतो. टाळ्या पडतात. ज्या माणसाला तहसील कचेरीत आपले म्हणणे आयुष्यभर धड मांडता आले नाही तो मरताना एवढा वाक्पटू कसा होतो, हा प्रश्न परीक्षकही विचारीत नाहीत. सावकार आणि स्वगत यांची ही जोडी लेखकाच्या अननुभवातून येते असे मला वाटत नाही. ती निवेदक हरविल्यामुळे येते, असे माझे म्हणणे आहे.

२.

प्रथम कादंबरी पाहू. झोलाने तिच्यासाठी १८८६ साली बोस या गव्हाच्या सपाट प्रदेशात जाऊन टिपणे घेतली होती. फुआँ हा म्हातारा शेतकरी आणि त्याची बायको यांना आता शेत झेपत नाही. म्हणून इयासँत, ब्यूतो हे मुलगे आणि फानी ही मुलगी अशा तिघांत जमीन वाटून द्यावी आणि मोबदल्यात त्यांनी आईबापांना ठरावीक रक्कम द्यावी, असे ठरते. लेखप्रमाणकाच्या कचेरीत ही बोलणी होतात तो प्रसंग कादंबरीच्या आरंभीच येतो. आईबापांच्या भाकरीचा, कपड्यांचा, किरकोळ चैनीचा हिशेब मुलांच्या तोंडून होतो. म्हातारा-म्हातारी किती खातील यावर घासाघीस होते. नंतर मोजणी होते, चिठ्ठ्या टाकल्या जातात, आणि नकोसा तुकडा वाट्याला आलेला ब्यूतो वाटणीच मानायला नकार देतो. पुढची कथा आपल्याकडच्या कोणत्याही गावात ऐकायला मिळेल अशी आहे. ठरलेले पैसे थकतात. बाप एका घरून दुसऱ्या घरी जात राहतो. ब्यूतोची बायको लीझ आणि तिची बहीण फ्राँस्वाझ यांच्यात वाटणीवरून वैर वाढते, आणि त्याचा शेवट फ्राँस्वाझच्या मृत्यूत होतो. त्या मृत्यूचे रहस्य ठाऊक असलेल्या फुआँला अखेर त्याचाच मुलगा आणि सून गुदमरवून मारतात व जाळतात. त्यानंतरही जमीन असतेच. पेरणी व्हायची तशी होतच राहते.

या कथेत किंग लिअरची सावली आहे हे समीक्षकांनी अनेकदा म्हटले आहे. पण एक फरक निर्णायक आहे. लिअर राज्य गमावतो तेव्हा त्याची वाणी उसळून येते. फुआँची जमीन हातची जाते तसतसा तो बोलेनासा होतो. सुरुवातीला दरडावणारा हा कुटुंबप्रमुख शेवटच्या भागात जवळजवळ मुका झालेला दिसतो. अशा माणसाची शोकात्मिका कादंबरीला शक्य होते याचे कारण निवेदक. झोलाचा निवेदक तृतीयपुरुषी आहे. परंतु तो सर्वस्वी तटस्थ नाही. पात्राच्या मनातले शब्द, त्याची शिवी, त्याचा हावरेपणा, त्याची भीती हे सर्व अवतरणचिन्हांवाचून निवेदकाच्या वाक्यात मिसळत जाते. त्यामुळे जे फुआँ बोलत नाही ते आपल्याला ऐकू येते, आणि तरीही तो मुकाच राहतो.

निवेदकाचे दुसरे काम कारणांचे आहे. फुआँच्या नाशाला कोण जबाबदार? ब्यूतो तर आहेच. पण सर्व अपत्यांना समान वाटा देणारा कायदा, त्यामुळे पिढीगणिक होणारे तुकडे, अमेरिकेहून येणाऱ्या स्वस्त गव्हाने पडलेले भाव, यंत्रे, कर्ज, गारपीट आणि खुद्द फुआँची आयुष्यभराची जमिनीची वासना ही सर्व कारणे निवेदक एकमेकांशेजारी ठेवतो. त्यांतील कोणतेही एक कारण उचलून तो त्याला खलनायकाचा मुखवटा चढवीत नाही. कारणे विखुरलेली ठेवणे हे निवेदकाचे मोठे सामर्थ्य असते.

आपल्याकडे झोला आला तो मुख्यतः इंग्रजीतून, आणि इंग्रजीत तो सोवळा होऊनच आला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ‘ला तेर’सह त्याच्या कादंबऱ्यांची भाषांतरे छापल्याबद्दल हेन्री व्हिझेटेली या लंडनच्या प्रकाशकाला १८८८ साली दंड आणि १८८९ साली कारावास झाला. त्यानंतर दीर्घकाळ इंग्रजी वाचकाच्या हाती पडत राहिला तो काटछाट केलेला झोला. ‘निसर्गवाद म्हणजे ओंगळाचे चित्रण’ हे समीकरण आपल्या समीक्षेत इतके सहज का रुजले, याचे एक उत्तर या इतिहासात असावे. झोलाच्या निवेदनाची घडण पाहण्यापेक्षा त्याच्या विषयांचीच चर्चा आपण अधिक केली.

३.

आता रंगमंचाकडे वळू. कादंबरीतून निवेदक वजा केला की जी पोकळी उरते ती भरून काढण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पहिला मार्ग सर्वांत प्रचलित आहे : निवेदकाचे शब्द पात्राच्या तोंडी घालायचे आणि विखुरलेली कारणे एका खलपात्रात गोळा करायची. झोलाच्याच ‘लासोम्वार’ या १८७७ सालच्या कादंबरीचे नाट्यरूप ब्यूस्नाक आणि गास्तिनो यांनी केले व ते १८७९ साली पॅरिसच्या आंबिग्यू रंगमंदिरात आले. रंगमंचावर धोबीघाट उभा करण्यात आला होता. लोकांनी गर्दी केली. पण कादंबरीत निव्वळ अपघात असलेले कूपोचे छपरावरून पडणे नाटकात व्हिर्जिनी या स्त्रीच्या सूडाशी जोडले गेले. दारिद्र्य, दारू आणि वस्ती यांनी मिळून केलेला नाश आता एका दुष्ट बाईने केला. म्हणजे देखावा नवा आला. कारणमीमांसा मात्र जुन्या अद्भुतरम्य नाटकाचीच राहिली.

व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’चे उदाहरण आपल्या वाचकांना अधिक जवळचे आहे, कारण साने गुरुजींनी ती कादंबरी ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली. १८६२ सालच्या या कादंबरीत ह्यूगोचा निवेदक वॉटर्लूच्या रणांगणावर थांबतो, मठाच्या इतिहासात शिरतो, पॅरिसच्या भुयारी गटारांविषयी पानेच्या पाने लिहितो. १९८० साली पॅरिसमध्ये आणि १९८५ साली लंडनमध्ये ती संगीतिका होऊन आली व जगभर गाजली. त्या संगीतिकेत निवेदकाचे विषयांतर गेले आणि प्रत्येक दुःखिताला एक गाणे मिळाले. गाणी प्रभावी आहेत, यात शंका नाही. परंतु ह्यूगोच्या कादंबरीत दुःखित बोलत नाहीत म्हणून ह्यूगो बोलतो. संगीतिकेत ह्यूगो बोलत नाही म्हणून दुःखितांना गावे लागते. ही अदलाबदल साधी नाही.

दुसरा मार्ग आंत्वानचा. आंत्वान हा पॅरिसच्या गॅस कंपनीतील एक नोकरदार. ३० मार्च १८८७ रोजी त्याने ‘तेआत्र लिब्र’ म्हणजे मुक्त रंगभूमी सुरू केली. पहिल्याच रात्रीच्या कार्यक्रमात झोलाच्या एका कथेचे नाट्यरूप होते. नेपथ्यासाठी त्याने आपल्या आईच्या घरचे सामान नेले होते, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पुढे १९०२ साली त्याने ‘ला तेर’ रंगमंचावर आणली तेव्हा शेतकऱ्याच्या अंगणात जिवंत कोंबड्या सोडल्या. आज आपल्याला हे गमतीचे वाटते. पण त्यामागे एक सिद्धांत होता. १९०३ साली लिहिलेल्या निबंधात आंत्वानने असे प्रतिपादन केले की परिसर हा पात्रांच्या हालचाली ठरवितो. पात्रांच्या हालचाली परिसर ठरवीत नाहीत. म्हणून आधी घर उभे करायचे आणि मग त्यात माणसे वावरू द्यायची. निवेदकाने कादंबरीत वर्णनाने जे साधले ते येथे वस्तूंनी साधायचे होते.

आंत्वानचे मोठेपण असे की, मुक्या माणसाला मुका राहू देण्याची सोय त्याने केली. शेतकरी प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहू शकतो, नुसता बसून राहू शकतो, हे त्याने दाखविले. कोंबड्या टिपत असताना गप्प बसलेला म्हातारा ही प्रतिमा स्वगतापेक्षा खरी आहे. परंतु या मार्गाची मर्यादाही तेथेच आहे. कोंबडी दाणा टिपते. दाण्याचा भाव ती सांगू शकत नाही. वस्तू परिसर सांगते, काळ सांगत नाही. परिस्थिती दाखविते, कारण दाखवीत नाही. ‘ला तेर’मधील अंगण आंत्वानने रंगमंचावर आणले. त्या अंगणाची पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी, अमेरिकेचा गहू आणि कायद्याचे कलम ही अंगणात सोडता येण्यासारखी नव्हती.

४.

तिसरा मार्ग निवेदकालाच रंगमंचावर बोलावण्याचा. याचे अत्यंत धीट उदाहरण म्हणजे आंत्वान वितेझ या दिग्दर्शकाने १९७५ साली केलेला ‘कातरीन’ हा प्रयोग. लुई आरागाँच्या १९३४ सालच्या ‘बालच्या घंटा’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. वितेझने तिचे संवाद लिहिलेच नाहीत. एका जेवणाच्या मेजाभोवती नट बसले. खरोखरीचे जेवण वाढले गेले, खाल्ले गेले; आणि जेवता जेवता कादंबरीचे पुस्तक या हातातून त्या हातात जात राहिले. ज्याच्या हाती पुस्तक तो निवेदक. ‘ती म्हणाली’, ‘तो उठला’ ही तृतीयपुरुषी वाक्ये जशीच्या तशी उच्चारली गेली. वितेझ स्वतः काही काळ आरागाँचा सचिव होता आणि कोणत्याही मजकुराचे नाटक होऊ शकते अशी त्याची धारणा होती. या प्रयोगात पात्र आणि नट यांच्यात निवेदन उभे राहते. नट पात्राचे सोंग आणीत नाही. तो त्या पात्राविषयी आपल्याशी बोलतो, मध्येच क्षणभर तो पात्र होतो आणि पुन्हा वाचक होतो. शिवाय जेवण चालूच असते. ज्यांच्याविषयी वाचले जात आहे ते आणि जे वाचीत आहेत ते यांच्यातील अंतर प्रेक्षकाला सतत दिसत राहते.

युरोपीय समीक्षेने याला क्रांती मानले यात नवल नाही. अॅरिस्टॉटलने महाकाव्याचे कथन आणि नाटकातील कृती यांच्यात रेषा ओढल्यापासून पाश्चात्त्य नाटकाने निवेदकाला संशयानेच पाहिले होते. आपल्याकडे मात्र ही रेषा कधीच इतकी पक्की नव्हती. संस्कृत नाट्यशास्त्राने दृश्य आणि श्राव्य असा भेद केला. पण जे दाखविण्याजोगे नाही किंवा ज्याचा विस्तार फार आहे ते नाटकातच सांगण्यासाठी विष्कंभक, प्रवेशक आदी पाच अर्थोपक्षेपकांची सोय करून ठेवली. कीर्तनकार, गोंधळी, भारूड सादर करणारा सोंगाड्या हे सर्व एका श्वासात निवेदक आणि पुढच्या श्वासात पात्र होत असतात. तेव्हा वितेझची युक्ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपली प्रोसेनियम कमान परकी आहे. पुस्तक हातात घेतलेला माणूस परका नाही.

५.

मराठी रंगभूमीने या प्रश्नाला काय उत्तरे दिली? वाटणीचे दुःख तिच्यावर नाही असे नाही. १९७० साली आलेल्या ‘नटसम्राट’मधील अप्पा बेलवलकर सर्वस्व मुलांना वाटून देतात आणि बेघर होतात. परंतु बेलवलकर नट आहेत. शब्द हेच त्यांचे वैभव. शिरवाडकरांनी लिअरचे नाते नेमके वाणीच्या बाजूने जोडले. १९८५ सालच्या ‘वाडा चिरेबंदी’त एलकुंचवारांनी वऱ्हाडातल्या देशपांड्यांच्या घराची पडझड दाखविली. त्या नाटकातील अंगणात नादुरुस्त पडलेला ट्रॅक्टर आंत्वानच्या कोंबड्यांपेक्षा अधिक बोलतो, कारण घरातली प्रत्येक व्यक्ती त्याला अडखळते आणि त्याच्याविषयी काही आठवते. तेथे वस्तूला स्मृती मिळाली आहे. तथापि देशपांडे हे जमिनीचे मालक. जमीन कसणारा त्या नाटकाच्या परिघाबाहेर आहे. म्हणजे मराठी रंगभूमीवर वाटणी आली ती बोलता येणाऱ्यांची. फुआँ अद्याप यायचा आहे.

मराठी कादंबरीत तो केव्हाच आला आहे. १९६० सालची उद्धव शेळके यांची ‘धग’, १९७१ सालची आनंद यादव यांची ‘गोतावळा’, त्याच वर्षीची रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’, २००२ सालची सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही त्याची ठळक उदाहरणे. यांपैकी ‘पाचोळा’ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तिच्यात एका खेड्यातल्या शिंप्याचे घर मोडत जाते आणि ते सांगते त्याची बायको, मराठवाड्याच्या बोलीत. झोलाने मुक्या माणसासाठी बाहेरचा निवेदक योजला; बोराड्यांनी त्या घरातल्याच, सर्वांत कमी ऐकल्या जाणाऱ्या व्यक्तीला निवेदनाचा अधिकार दिला. अशा कादंबरीचे नाट्यरूप करताना संवाद तेवढे वेचले आणि तिचे सांगणे टाकून दिले, तर कथानक हाती राहील; कादंबरी राहणार नाही. कारण संवादांत ती बाई फारशी बोलतच नाही. ती सांगते तेवढी आपल्यालाच.

निवेदनाचे हे भान ठेवणारे एक मराठी रूपांतर आपल्यासमोर आहे. उत्तम बंडू तुपे यांच्या ‘झुलवा’ या कादंबरीचे नाट्यरूप चेतन दातार यांनी केले आणि ते मूळचे बीड जिल्ह्यातले दिग्दर्शक वामन केंद्रे यांनी १९८७ साली रंगमंचावर आणले. यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणींच्या या कथेत रूपांतरकाराने बाहेरून निवेदक आणला नाही. जोगत्या-जोगतिणींचे गाणे आणि नाच, म्हणजे त्या जगाचीच सांगण्याची रीत, तेथे निवेदनाचे काम करते. शोषण झालेल्यांची परंपरा हीच शोषणाची भाषा आहे आणि तीच त्यांची एकमेव अभिव्यक्तीही आहे, हा कादंबरीतला पेच त्यामुळे प्रयोगात टिकून राहतो. ‘प्रामाणिकते’च्या मोजपट्टीने ‘झुलवा’चे प्रसंग मोजत बसणाऱ्याला हे दिसणार नाही.

परंतु याच ठिकाणी एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. लोककलेचा आधार हा आता एक बेगडी उपाय होऊन बसला आहे. संहिता कशीही असो, सुरुवातीला संबळ वाजवावा, चार जणांनी रांगेत नाचत यावे आणि नाटक ‘मातीतले’ झाले असे मानावे, हा प्रकार स्पर्धांतून आपण नेहमी पाहतो. शिवाय गोंधळी आणि कीर्तनकार यांचा निवेदक श्रद्धेच्या जगातला असतो. चांगल्याचे चांगले होणार हे त्याला आधीच ठाऊक असते. झोलाच्या निवेदकाला असे काहीच ठाऊक नाही. फुआँच्या मरणातून कोणताही न्याय निघत नाही. तेव्हा ‘ला तेर’सारखी कादंबरी गोंधळात बसविली तर गोंधळ झोलाला पचवून टाकील आणि शेवटी आई अंबाबाई सर्वांचे रक्षण करील, ही भीती रास्त आहे.

६.

या आक्षेपाला उत्तर शोधताना मला आपल्याकडची दुसरी एक रीत अधिक उपयोगी वाटते. ती म्हणजे पोथी लावणे. श्रावणात गावातल्या देवळात किंवा कोणाच्या ओसरीवर पोथी लागते. एक जण ओवी वाचतो आणि दुसरा तिचा अर्थ सांगतो. ऐकणारे मध्येच विचारतात. अर्थ सांगणारा गावातला दाखला देतो, कधी वाचणाऱ्याच्या पुढे जातो, कधी अडखळतो. या रचनेत निवेदकाची दोन माणसे झालेली आहेत. एकाच्या हाती ग्रंथ आहे, दुसऱ्याच्या हाती गाव आहे. या दोघांत फट आहे, आणि त्या फटीत शंका शिरू शकते. जालना जिल्ह्यातल्या जांब येथे जन्मलेल्या रामदासांच्या ‘दासबोधा’ची बांधणीही श्रोत्यांच्या आशंका आणि वक्त्याची उत्तरे यांवर उभी आहे, हे येथे स्मरावे. वितेझने जेवणाच्या मेजावर जे साधले ते आपल्या ओसरीवर निराळ्या हेतूने पूर्वीपासून चालत आले आहे. पोथी पवित्र असते आणि झोलाची कादंबरी पवित्र नाही, हा भेद खरा आहे. पण उसना घ्यायचा आहे तो ग्रंथाचा पावित्र्यभाव नव्हे. वाचणारा, अर्थ सांगणारा आणि विचारणारा ही तीन पदांची रचना उसनी घ्यायची आहे.

कल्पना करू की आपल्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘ला तेर’मधील वाटणीचे प्रकरण अशा रीतीने मांडले. रंगमंचावर एक सतरंजी, एक पाट, त्यावर पुस्तक. वाचणारा झोलाचे निवेदन वाचतो : तो बोस प्रदेश, ती लेखप्रमाणकाची कचेरी, त्या तिघा मुलांची घासाघीस. अर्थ सांगणारा ते आपल्या बोलीत सांगतो, आणि सांगता सांगता त्याला तलाठी, मोजणीचा शंकू, २०१२-१३च्या दुष्काळात वाळून गेलेली मोसंबीची बाग, कापसाचा पडलेला भाव हे दाखले द्यावेच लागतात. म्हातारा एका कोपऱ्यात बसलेला आहे. तो अखेरपर्यंत काही बोलत नाही. त्याच्यावतीने बोलणारे मात्र सगळे आहेत, आणि कोण कोणत्या अधिकाराने बोलतो आहे हे प्रेक्षकाला दिसते आहे. सावकाराची गरज उरत नाही, कारण कारणे सांगायला निवेदक आहे. स्वगताची गरज उरत नाही, कारण मौन ऐकवायला निवेदक आहे.

आणि अर्थ सांगणारी जर मुलगी असेल तर? ‘ला तेर’मध्ये फानीला भावांइतकाच वाटा मिळतो, कारण फ्रान्सच्या नागरी संहितेने मुलगा आणि मुलगी असा भेद ठेवला नव्हता. आपल्याकडे वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला जन्मसिद्ध हक्क मिळाला तो महाराष्ट्रात १९९४ सालच्या आणि देशभर २००५ सालच्या दुरुस्तीने; आणि तो मिळाल्यावरही हक्कसोडपत्रावर सही करून ‘माहेर तुटू नये’ म्हणून तो सोडून देणाऱ्या बहिणी प्रत्येक गावात आहेत. वाचणारा ‘फानीचा वाटा’ असे वाचतो तेव्हा अर्थ सांगणाऱ्या मुलीने क्षणभर थांबणे एवढाच अभिनय पुरेसा होईल. या थांबण्यात जे घडेल ते मूळ कादंबरीत नाही. पण ते कादंबरीच्या निवेदनातूनच निघालेले असेल. याला मूळ कृतीशी प्रतारणा म्हणायचे की तिचे पुरेपूर वाचन म्हणायचे, याचा निर्णय साम्यभेदांच्या तक्त्याने होणार नाही.

येथे कोणी म्हणेल की हे नाटक नव्हे, अभिवाचन झाले. हा आक्षेप अभिवाचनाला दुय्यम मानण्याच्या सवयीतून येतो. नुसते अभिवाचन आणि प्रस्तुत प्रयोग यांत भेद आहे. अभिवाचनात वाचणारा मजकुराच्या मागे लपतो. येथे वाचणारा कोण आहे, तो कोणत्या गावचा, कोणत्या घरचा, त्याच्या नावावर किती जमीन, हे सर्व प्रयोगाचा भाग होते. निवेदकाला देह मिळतो, आणि देहाला समाजात एक जागा असते. कादंबरीच्या पानावर तो देहहीन असल्यामुळे सर्वज्ञ भासतो. रंगमंचावर आल्याबरोबर त्याचे सर्वज्ञत्व संपते आणि त्याला उत्तरदायी व्हावे लागते. मुक्या माणसाविषयी बोलणाऱ्याला उत्तरदायी करणे, हे कादंबरीला न साधणारे काम रंगभूमी करू शकते. प्रयोगशीलता हा शब्द वापरायचाच असेल तर तो येथे वापरावा. प्रकाशयोजनेच्या चमत्कृतीसाठी नको.

यातून अध्यापनापुरत्या दोन गोष्टी सुचतात. एक, नाट्यरूपांतराच्या अभ्यासात ‘काय गाळले, काय वाढविले’ या प्रश्नाच्या आधी ‘मूळ कृतीत कोण सांगते आणि रूपांतरात ते काम कोणाकडे गेले’ हा प्रश्न ठेवावा. पात्राच्या तोंडी गेले, खलनायकाकडे गेले, गाण्याकडे गेले, वस्तूकडे गेले की निवेदकच रंगमंचावर आला, एवढे पाहिले तरी ‘लासोम्वार’पासून ‘झुलवा’पर्यंतची रूपांतरे एका सूत्रात तपासता येतील आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला स्वतःचे काही म्हणता येईल. दोन, तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात सुसज्ज रंगमंच नाही, दिवे नाहीत, ही नेहमीची अडचण या प्रकारात अडचण राहत नाही. परतूर, मंठा, भोकरदन किंवा घनसावंगी येथील वर्गखोलीत सतरंजी, पुस्तक आणि तीन विद्यार्थी सहज मिळतील. त्यांपैकी बहुतेकांच्या घरी वाटणी झालेली असेल, होत असेल किंवा अडलेली असेल.

शेतकऱ्याविषयी आज सगळेच बोलतात. शासकीय परिपत्रके बोलतात, वृत्तपत्रे बोलतात, निवडणुकीच्या सभा बोलतात आणि आमच्या एकांकिकाही बोलतात. या बोलण्याच्या गदारोळात तो स्वतः काय बोलत नाही, हे ऐकण्याची शिस्त साहित्याच्या अभ्यासाने लावायला हवी. कादंबरीचा निवेदक ही शिस्त पाळीत आला आहे. त्याला रंगमंचावरून हाकलून देऊन त्याच्या जागी सावकार आणि स्वगत बसविणे थांबले, तर फुआँला आपल्या ओसरीवर बसायला जागा होईल.